वाणाच्या ३६ केकसाठी साचा कोणता? इंदूरच्या घरातल्या नोंदी

१६ नोव्हेंबर

नणंदेकडे, लोकमान्यनगरला, १८ जानेवारीला हळदीकुंकू आहे. छत्तीस जणी येणार. या वर्षी वाण म्हणून केक द्यायचा असं ताईंच्या मनात आलं आणि मी हो म्हटलं. अटी अशा : अंडं नको, क्रीम नको, दोन दिवस बाहेर टिकला पाहिजे आणि प्रत्येकीला आपापला अख्खा केक मिळाला पाहिजे. वाणाचा खर्च माणशी ६० रुपयांच्या आत.

माझ्याकडे २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन), सात इंची गोल ॲल्युमिनियमचा साचा एक आणि काळा नॉनस्टिक ब्रेड टिन एक, इतकंच आहे. म्हणजे फॉइलचे फेकून द्यायचे ट्रे घ्यायचे, की टिकाऊ साचे विकत घ्यायचे, हे आधी ठरवायला हवं. पाककृती शेकड्याने मिळतात, पण इतके केक करताना साच्याचं काय केलं ते खर्चासकट लिहिलेलं मला कुठे मिळालं नाही. म्हणून या नोंदी.

१९ नोव्हेंबर

सियागंजला जाऊन फॉइलचे ५० ट्रे आणले. ४५० मिलीचे, पुठ्ठ्याच्या झाकणासकट २९० रुपये, म्हणजे नगाला ५ रुपये ८० पैसे. दुकानदार म्हणाला, "दीदी, सब केकवाले यही ले जाते हैं." तेव्हा प्रश्न सुटला असंच वाटलं.

घरी आल्यावर एक ट्रे वजनकाट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरलं. ४३० ग्रॅम भरलं, म्हणजे ४३० मिली. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिली, त्यामुळे कुठल्याही साच्याचं माप असं दोन मिनिटांत कळतं. पाककृतीतले 'सात इंची', 'आठ इंची' हे आकडे यापुढे मी बघणार नाही. आठ इंची साचा सहा इंचीपेक्षा थोडासाच मोठा वाटतो, पण उंची तेवढीच असेल तर त्यात पावणेदोन पटींहून जास्त मावतं.

२२ नोव्हेंबर : पहिला घाणा, बिघडला

नेहमीचं दह्याचं माप : मैदा दीड कप, दही एक कप, साखर पाऊण कप, तेल अर्धा कप, सोडा अर्धा चमचा, बेकिंग पावडर सव्वा चमचा. हे दुप्पट केलं. एका ट्रेमध्ये २८० ग्रॅम मिश्रण, असे पाच ट्रे भरले. ओटीजीत चारच मावले. पाचवा ओट्यावर थांबला.

चार ट्रे थेट जाळीवर ठेवले होते. काय काय झालं ते क्रमाने लिहिते.

भरलेला ट्रे एका हाताने उचलला की त्याच्या कडा बाहेर फाकतात आणि मधला भाग खाली झुकतो. एक ट्रे ओव्हनच्या दारातच वाकला आणि अर्ध्या वाटीएवढं मिश्रण ओव्हनच्या खालच्या तापणाऱ्या कांडीवर सांडलं. ते जळलं, धूर झाला. आत गेलेल्या ट्रेचा तळ जाळीच्या दोन दांड्यांमध्ये खाली बसला, म्हणून केकचा तळ लाटांसारखा आला. ३५ मिनिटांनी वरून छान रंग आला होता, पण कापल्यावर तळ आणि बाजू पांढुरक्या, ओलसर.

पाचवा ट्रे चाळीस मिनिटांनी आत गेला आणि जेमतेम बोटभर फुगला. दही आणि सोडा एकत्र आले की बुडबुडे लगेच सुटायला लागतात, ते आपल्यासाठी थांबत नाहीत. हे मला ठाऊक होतं. पण आजवर एका वेळी एकच केक केल्यामुळे कधी अडलं नव्हतं.

वेळ साडेतीन तास, सामान साधारण १८० रुपयांचं. खाण्यालायक तीन.

२३ नोव्हेंबर

फॉइलची दुरुस्ती. ओटीजीबरोबर आलेला काळा पत्र्याचा ट्रे आधीच आत ठेवून दहा मिनिटं तापवला आणि फॉइलचे ट्रे त्या तापलेल्या पत्र्यावर ठेवले, दोघांत बोटभर अंतर सोडून. पातळ चकचकीत फॉइल ओव्हनची धग बरीचशी परतवून लावते आणि स्वतःत उष्णता धरून ठेवत नाही. तापलेला पत्रा खाली आला की तळाला ती मिळते. तळ सोनेरी आला. बाजू अजून फिक्या होत्या, पण चालण्यासारख्या.

आणखी एक वस्तू घेतली : ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर, ३२० रुपये. माझ्या ओटीजीची कळ १८० वर असताना आत १६० च भरतात. नऊ वर्षं मी पाककृतींना दोष देत आले. ज्याला साचे एकमेकांशी ताडून बघायचे आहेत त्याने साच्याआधी हे घ्यावं, नाहीतर चूक कुणाची तेच कळत नाही.

३० नोव्हेंबर : चार साचे, एकच मिश्रण

आज फक्त तुलना केली. मैत्रिणीकडून सिलिकॉनचा छोटा साचा आणला. बर्तन बाजारातून साध्या ॲल्युमिनियमचा छोटा ब्रेड साचा घेतला, ११० रुपये. फॉइलचा ट्रे आणि माझा काळा नॉनस्टिक होतेच. चौघांत २८० ग्रॅम मिश्रण घालून एकेक करून भाजलं, थर्मामीटरवर १७५. मिश्रण दर वेळी ताजं कालवलं.

साधं ॲल्युमिनियम ३२ मिनिटं. चारी बाजूंनी सारखा रंग, वर हलकी चीर. सगळ्यात चांगला हाच.

काळा नॉनस्टिक २९ मिनिटं, पण कडा करपायच्या बेतात. काळा रंग धग शोषून घेतो. यात भाजायचं तर तापमान १५ अंशांनी उतरवावं. दुपारी तसं करून पाहिलं, बरं आलं.

फॉइल, तापलेल्या पत्र्यावर, ३७ मिनिटं.

सिलिकॉन ४१ मिनिटं. केक सुटून अगदी अलगद आला, पण बाहेरून उकडलेल्यासारखा. सिलिकॉनमधून उष्णता फार सावकाश जाते. आइस्क्रीम, चॉकलेट, वड्या जमवायला तो उत्तम. केकच्या खरपूस कडेची आशा त्याच्याकडून धरू नये.

इथपर्यंत मन टिकाऊ साच्याकडे झुकलं. पण छत्तीस साचे ११० रुपयांनी म्हणजे ३,९६० रुपये. आणि ते लोकांच्या घरी गेले की परत किती येतील?

४ डिसेंबर

याचं उत्तर लगेच मिळालं. रविवारच्या तुलनेतला चांगला केक मी साच्यासकट वरच्या मजल्यावरच्या काकूंना दिला होता. साचा आज परत आला. घासून लख्ख केलेला, आत तुपातला शिरा. रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही आपली रीत, म्हणून तो चार दिवस राहिला होता. काकू शिरा करायला सवड शोधत होत्या. मला आनंद झाला, पण हिशोबात हे धरायला हवं. टिकाऊ साचा माणसाला दिला की तो चार दिवस, आठवडा, कधी महिनाभर बाहेर राहतो, आणि घेणाऱ्या बाईच्या डोक्यावर परतफेडीचं ओझं येतं. छत्तीस जणींवर मी ते टाकणार नाही.

म्हणजे साचा टिकाऊ हवा असेल तर केक त्यातून काढून द्यावा लागेल.

७ डिसेंबर

तसं करून पाहिलं. बर्तन बाजारातून तसेच आणखी तीन साचे आणले (३३० रुपये), एकूण चार झाले. तळाला आणि दोन बाजूंना बटर पेपरची पट्टी घालून चारच्या दोन फेऱ्या. कोरडं एका पातेल्यात, ओलं दुसऱ्यात आणि फेरीपुरतंच एकत्र करायचं, हे आता पक्कं. आठही केक सारखे फुगले.

अडचण दुसरीकडे आली. गरम साच्यातून केक लगेच काढला तर तुटतो, साच्यातच गार केला तर घाम सुटून तळ ओला होतो. दहा ते बारा मिनिटं बरोबर पडतात. मग साचा धुवायचा, पुसायचा, पुन्हा तूप-पेपर. एक फेरी सव्वा तासाची. छत्तीस केक म्हणजे नऊ फेऱ्या, अकरा तासांहून जास्त. शिवाय साचा नसलेला केक स्कूटरवरून न्यायचा तर प्रत्येकाला खोका हवा, तो आठ-दहा रुपयांचा. एवढं करून तो खोका टाकूनच द्यायचा, मग फॉइल काय वाईट होतं?

रात्री मी ताईंना फोन करून सांगितलं की फॉइलच वापरते.

११ डिसेंबर : बरंच काही बिघडलं

फॉइलमध्ये लिंबाचा केक केला. वरून साखर-लिंबाचा पाक ओतला, झाकण लावलं आणि ठेवून दिला, दोन दिवस टिकतो का बघायला.

१३ तारखेला उघडला. पाक जिथे फॉइलला लागला होता तिथे राखाडी डाग, आणि त्या कडेच्या घासाला धातूची चव. आंबट पदार्थ आणि उघडं ॲल्युमिनियम यांचं जमत नाही. आपण ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंचेचं सार करत नाही, तेच कारण. दह्याच्या केकला हा त्रास झाला नाही, कारण सोड्याने दह्याचा आंबटपणा बराचसा मारलेला असतो. लिंबाचा पाक बिचारा तसाच आंबट राहतो. संत्रं, लिंबू, अननस फॉइलमध्ये ठेवायचं नाही, ठेवायचंच तर मध्ये बटर पेपर.

दुसरा ट्रे मी कोमट असतानाच झाकला होता. आत वाफ जमून वरचा पापुद्रा चिकट झाला. पूर्ण गार व्हायला दोन तास लागतात, त्याआधी झाकण नको.

आणि केक ट्रेमध्येच कापताना सुरीने फॉइल चिरली. तुकड्याच्या तळाला फॉइलची एक चमकती पट्टी चिकटलेली दिसली. वेळेवर दिसली. ताईंकडे लहान मुलं असतात.

याच आठवड्यात नॉनस्टिक टिनही गेला. भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी तो तारेच्या घासणीने घासला. चूक माझी, मी वेगळा ठेवायला हवा होता. तळाचं आवरण खरवडून निघालंय, आता त्यात केक करणार नाही. साधं ॲल्युमिनियम असल्या घासण्याला घाबरत नाही. फक्त ते धुण्याच्या सोड्याने धुवू नये, काळं पडतं.

१४ डिसेंबर

सकाळी कचऱ्याच्या गाडीपाशी थांबले. इंदूर २०१७ मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेव्हापासून आमच्या गल्लीत ओला-सुका वेगळा न करता कुणी पिशवी पुढे केली तर गाडी घेत नाही, आणि शेजारीणही बोलते. माझ्या हातात केक चिकटलेले नऊ ट्रे होते. कशात टाकू? गाडीवरचा माणूस म्हणाला, "धोके लाओ भाभीजी, फिर सूखे में. ऐसे तो न इधर का न उधर का."

त्याचं बरोबरच आहे. शहराचा ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो. २०२२ च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला, रोज ५५० टन घेण्याची त्याची ताकद आहे आणि त्यातून निघालेल्या गॅसवर शहराच्या बस धावतात. त्यात माझं फॉइल जाऊ नये. सुक्यात खरकटं जाऊ नये. म्हणून नऊच्या नऊ ट्रे परत आणले, भिजवले, कोपऱ्यांतल्या घड्यांतून टूथब्रशने केक काढला. पंचवीस मिनिटं लागली. परवा चार साचे धुवायला बारा लागली होती.

'धुवायची कटकट नाही' म्हणून फॉइल घ्यायचं आणि नीट टाकायचं तर ते धुवायचं. मी धुतलं नाही तर माझ्याऐवजी छत्तीस घरांत ते कुणाला तरी धुवावं लागेल, किंवा तसंच जाईल. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला नव्याच्या मानाने ५ टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा लागते. म्हणजे या पातळ पत्र्याला खरी किंमत आहे, पण स्वच्छ पोचला तरच.

ताईंना पुन्हा फोन केला. फॉइल नको. त्या जरा वैतागल्या. "मग कशात देणार आहेस ते एकदा ठरव," म्हणाल्या.

१७ डिसेंबर

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सुचवलं. त्या दुपारी जुनी वाणं काढून बसल्या होत्या. स्टीलच्या वाट्या, ताटल्या, एका डबीवर १९८४ साल घातलेलं. म्हणाल्या, "वाटीतच भाज की. आम्ही वाटीच देत होतो."

महिनाभर मी फेकायचा साचा की परत आणायचा साचा एवढ्याच दोन टोकांमध्ये फिरत होते. द्यायचाच साचा हे डोक्यात आलं नाही, आणि वाण म्हणजे तर तेच.

१८ डिसेंबर : वाटीचा पहिला प्रयोग

घरातल्या तीन वाट्या घेतल्या. काठोकाठ १८० मिली. प्रत्येकीत १३० ग्रॅम मिश्रण, १७५ अंश.

गोल बुडाच्या दोन वाट्या तिरक्या झाल्या आणि केकही तिरका फुगला. सपाट बुडाची वाटी सरळ राहिली, पण मिश्रण जास्त झालं होतं. केक काठावरून वर येऊन घुमटासारखा फुटला. स्टीलमधून उष्णता ॲल्युमिनियमच्या मानाने फार हळू पसरते, त्यामुळे एका बाजूला, कांडीजवळ, रंग जास्त.

२१ डिसेंबर

मिश्रण ११० ग्रॅमवर आणलं, तापमान १६० वर, वेळ २७ मिनिटं, मध्ये एकदा पत्रा फिरवला. केक काठाच्या खाली, माथा जवळजवळ सपाट. वर बटर पेपर बांधता येईल असा.

साखरेऐवजी गूळ आणि वर तीळ घालून पाहिले. गूळ लवकर रंग धरतो, म्हणून १६० च बरोबर. तीळ कच्चेच लावायचे. भाजून लावले तर ओव्हनमध्ये दुसऱ्यांदा भाजून कडवट होतात. आईंनी जायफळ घालायला सांगितलं. घातलं. याच मापावर थांबले.

वाटीला आतून तूप आणि मैद्याची धूळ. केक बाहेर काढायचा नसल्याने बटर पेपरची गरज नाही. चमच्याने खायचा आहे.

२७ डिसेंबर

राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात दोन तास. सपाट बुडाची, जाड काठाची वाटी हवी होती. पहिल्या दुकानात १९ रुपयांची मिळाली, पण अंगठ्याने दाबली की दबत होती. तिसऱ्या दुकानात २६ ला बरी मिळाली. चाळीस घेतल्या, १,०४० रुपये. नाव घालणाऱ्याकडून प्रत्येकीच्या बुडाला 'संक्रांत' आणि साल कोरून घेतलं, नगाला ३ रुपये.

ओटीजीत नऊ वाट्या बसतात हे कागदावर गोल कापून आधीच पाहिलं होतं. ३६ भागिले ९, चार फेऱ्या. ज्याला हे करायचंय त्याने दुकानात जाताना ओव्हनच्या पत्र्याच्या मापाचा कागद बरोबर न्यावा. वाटी अर्ध्या सेंटीमीटरने जास्त रुंद निघाली असती तर सहाच मावल्या असत्या.

४ जानेवारी

नऊ वाट्यांची रंगीत तालीम. दोन चुका.

वाट्यांवरचे दुकानाचे स्टिकर सोलले होते, पण डिंक राहिला होता. तो तापून पिवळा-तपकिरी झाला आणि वास आला. केक खाल्ले नाहीत. उरलेल्या वाट्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवून, खोबरेल तेल चोळून, मग साबणाने धुतल्या. तेलाने डिंक सुटतो. यात पूर्ण संध्याकाळ गेली.

दुसरी चूक अशी की नऊ थंड वाट्या एकदम आत ठेवल्यावर थर्मामीटर १६० वरून १३० वर आला आणि सावरायला आठ मिनिटं लागली. आता १८० वर तापवते, वाट्या ठेवल्या की १६० वर आणते. एकूण ३० मिनिटं.

१७ जानेवारी : प्रत्यक्ष काम

दुपारी एकला सुरुवात, साडेपाचला चौथी फेरी बाहेर. कोरडं मिश्रण सकाळीच चार डब्यांत वजन करून भरलं होतं, दही-गूळ-तेल चार भांड्यांत. फेरी आत गेली की पुढचं कालवायचं नाही, जागा रिकामी झाल्यावरच कालवायचं. अठ्ठेचाळीस मिनिटांहून जास्त एकाही फेरीला लागली नाहीत, आणि मध्ये धुणं असं काही नव्हतंच.

दुसऱ्या फेरीत मी पत्रा फिरवायला विसरले. मागच्या रांगेतले तीन केक एका बाजूने गडद झाले. ते घरी ठेवले आणि चार जास्तीच्या वाट्यांतल्या तीन, कालवताना उरलेलं खरवडून आणि थोडं नवं करून, शेवटी भाजल्या. चार जास्तीच्या आणल्या होत्या म्हणून निभावलं.

रात्री नऊपर्यंत गार करून बटर पेपर आणि लाल दोरा बांधला.

१९ जानेवारी : हिशोब

वाटी २६, नाव ३, सामान १४, पेपर-दोरा २. वाणाचे ४५ रुपये पडले. वीज मीटरवर चार युनिट. यात प्रयोगांचा खर्च नाही. तो थर्मामीटर, चार साचे आणि वाया गेलेल्या सामानासकट २,००० रुपयांच्या आसपास झाला.

फॉइलमध्ये केलं असतं तर ट्रे ६, सामान ३५ (तो केक मोठा आहे), म्हणजे ४१. आकड्यात फरक फारसा नाही. पण त्यात वाण म्हणून घरात राहणारं काही नसतं, आणि सहा रुपयांचा ट्रे दुसऱ्या दिवशी गाडीत.

साध्या ॲल्युमिनियमचे चार साचे घरच्या रोजच्या केकसाठी ठेवले. चार-पाच केक करायचे आणि ते घरीच कापायचे असतील तर त्यांच्यापुढे दुसरं काही नाही. सिलिकॉन परत केला. नॉनस्टिक टिन खिळे ठेवायला गेला.

फॉइलचे ३८ ट्रे उरलेत. परवा पुण्याला भाचा जातोय, रात्रीची गाडी आहे, घरचं भांडं तिकडे अडकून पडायला नको म्हणून त्याला दोन ट्रे भरून देणार आहे. तळाला बटर पेपर घालून, पूर्ण गार करून, आणि कापून. प्लास्टिकची सुरी बरोबर देणार नाही. होस्टेलच्या मायक्रोवेव्हमध्ये ट्रेसकट ठेवू नकोस, ठिणग्या उडतात, हे झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.